नवी मुंबई विमानतळावरून स्वस्तात उडायचंय? पेण-अलिबागपासून रत्नागिरीपर्यंतच्या प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

पेणच्या बाजारात माझं तिकिटं काढून देण्याचं छोटं दुकान आहे. पूर्वी रेल्वेचं आरक्षण हेच मुख्य काम होतं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आणि दुकानात येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. विचारणाऱ्यांत निम्मी माणसं पहिल्यांदाच विमानात बसणारी असतात. मुलगा बेंगळुरूला, मुलगी हैदराबादला, आणि आईवडील रोह्याला, महाडला किंवा चिपळूणला. तेच तेच प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

विमानतळ नक्की कुठे आहे?

पनवेल तालुक्यात, उलव्याजवळ. म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. पनवेल स्टेशनपासून रस्त्याने साधारण आठ-दहा किलोमीटर.

आपल्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट म्हणजे आता वाशीची खाडी ओलांडावी लागत नाही. आधी कोकणातून येणारा माणूस पनवेलपर्यंत आला तरी वाशी, मानखुर्द, चेंबूर, सांताक्रूझ असा अर्धा प्रवास शिल्लक असायचा, आणि त्या टप्प्याला किती वेळ लागेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. सकाळी सातच्या विमानासाठी पेणहून रात्री दोनला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ दिसतं. विमान कुठून सुटणार हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. तिकीट हातात पडलं की पहिलं तेच बघा. शहर एकच असलं तरी विमानतळ आता दोन आहेत. जुन्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड बीओएम, तर नवी मुंबईचा एनएमआय. शोधताना नुसतं मुंबई टाकलं की बऱ्याचदा दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात आणि आपण सगळ्यांत स्वस्त दिसेल त्यावर बोट ठेवतो.

जाता-येताचं तिकीट काढताना तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. जाताना नवी मुंबईहून आणि परत येताना सांताक्रूझला, असंही होतं. मग नेलेली गाडी इकडे उभी आणि माणूस तिकडे उतरलेला.

तिकीट एवढं स्वस्त कसं काय? काही गडबड तर नाही?

गडबड नाही. भारतात कमी दराची विमानसेवा २००३ मध्ये एअर डेक्कनने आणली. २००६ मध्ये इंडिगो आली, २०२२ मध्ये अकासा. यांचा हिशोब आपल्या वडाप जीपसारखा आहे: गाडी जितका कमी वेळ उभी, तितकी कमाई जास्त. विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा भरून निघतं. बहुतेक विमानं एकाच जातीची असतात, त्यामुळे सुटे भाग, वैमानिकांचं प्रशिक्षण, देखभाल या सगळ्यांचा खर्च उतरतो. जेवण, आवडीची जागा आणि जास्तीचं सामान यांचे पैसे वेगळे घेतात. सुरक्षेचे नियम मात्र सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात, त्यात स्वस्त-महाग नसतं. त्या बाबतीत निश्चिंत राहा.

नवा विमानतळ झाल्याचा वेगळा फायदाही आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे विमान उतरवायला वेळेची जागा मिळणंच मुश्कील झालं होतं. नवी मुंबईत पहिल्या टप्प्यात ३,७०० मीटरची एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. पुढे दुसरी समांतर धावपट्टी होऊन ही क्षमता नऊ कोटींपर्यंत न्यायची योजना आहे. जागा वाढल्या की विमानं वाढतात, आणि विमानं वाढली की भाड्यात चुरस होते.

मग प्रवासाचा खरा खर्च किती धरायचा?

घराच्या उंबऱ्यापासून मोजा. समजा बेंगळुरूचं तिकीट ३,००० रुपयांना मिळालं. महाडहून विमानतळापर्यंत खास गाडी केली तर तिचं जाता-येताचं भाडं तिकिटापेक्षा जास्त होऊ शकतं. त्यात काउंटरवर चार किलो सामान जास्त भरलं, भूक लागली म्हणून आत काही घेतलं, की स्वस्त तिकीट कुठल्या कुठे राहतं. पहाटेचं विमान दोनशे रुपयांनी स्वस्त असेल, पण त्याच्यासाठी रात्रीची गाडी करावी लागत असेल तर ते महागच पडलं. मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, ‘पनवेलपर्यंत येणार कसे?’ त्याच्या उत्तरावर कुठलं विमान घ्यायचं ते ठरतं. एसटीने किंवा रेल्वेने पोचता येईल अशा वेळेचं, म्हणजे दुपारी बारा ते चारमधलं विमान मिळालं तर थोडं महाग असलं तरी तेच घ्या.

आगाऊ तिकिटाबद्दलही सांगतो. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. गणपती, दिवाळी, मे महिना या दिवसांत स्वस्त गट फार लवकर संपतात. गणपतीला येणाऱ्या मुलांची तिकिटं दोन-अडीच महिने आधी काढा. शेवटच्या आठवड्यात भाव उतरेल या आशेवर थांबून सणात कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

कोकण रेल्वेने यायचं तर कुठली गाडी बरी?

उतरायचं पनवेललाच. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या पहाटे पनवेलला येतात. सकाळी उशिराच्या किंवा दुपारच्या विमानाला त्या उत्तम. मांडवी दिवसा निघून रात्री पोचते, ती रात्री उशिराच्या विमानासाठी धरता येईल, पण मला तो जुगार वाटतो. गाडीची पोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत निदान पाच तास ठेवा. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाडी थांबते, आणि एकदा उशीर झाला की तो वाढत जातो.

रोहा, नागोठणे, पेणच्या लोकांना रोहा-दिवा मेमू आहे. तिकीट अगदी थोडं आणि रस्त्याच्या कोंडीशी संबंधच नाही. पनवेल स्टेशनपासून पुढे टॅक्सी किंवा अ‍ॅपवरची गाडी करावी. स्टेशनबाहेर बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

अलिबागहून सगळ्यांत सोपं काय?

अलिबाग-पनवेल विनाथांबा एसटी. मोठी बॅग असेल तर सुरुवातीच्या स्थानकावरच बसा, वाटेत चढून जागा मिळेल असं धरू नका.

दुसरा एक मार्ग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. रेवसला जायचं, तिथून लाँचने करंजा, करंजाहून उरण स्टेशन आणि उरणहून लोकलने तरघर. नेरूळ-बेलापूर-उरण मार्ग जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पूर्ण झाला, आणि तरघर हे विमानतळाला सर्वांत जवळचं स्टेशन. पाठीवर एकच पिशवी असलेल्या तरुण माणसाला हा रस्ता छान आहे, खाडीचा वाराही मिळतो. पण लाँच समुद्रावर अवलंबून असते, आणि तीन वेळा चढउतार आहे. वयस्कर माणसं, लहान मुलं किंवा आंब्याच्या पेट्या बरोबर असतील तर या वाटेने जाऊ नका.

घरून किती वेळ आधी निघायचं?

विमानतळावर सुटण्याच्या दोन तास आधी पोचायचं, हे धरून मागे मोजा. देशांतर्गत विमानाचा सामान देण्याचा काउंटर साधारणपणे साठ मिनिटं आधी बंद होतो आणि बोर्डिंगचं दार पंचवीस मिनिटं आधी. एक मिनिट उशीर झाला तरी नियम तोच, तिथे गयावया करून उपयोग होत नाही.

रस्त्याने येणाऱ्यांनी वार बघावा. रविवारी दुपारनंतर अलिबागहून परतणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या पोयनाड, वडखळला तुंबतात. महाड-चिपळूणकडून येणाऱ्यांना माणगाव आणि इंदापूर ही दोन नाकी रडवतात. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो, तो सगळा माणगावात जातो. रविवारी संध्याकाळचं विमान असेल तर नेहमीच्या वेळेत सरळ दोन तास मिळवा, किंवा रेल्वेने या.

विमानात काय नेता येतं? आंबे, सुकी मासळी, आगळ, नारळ?

सगळ्यांत जास्त काळजीने लिहावं असं हेच उत्तर आहे, कारण मायेने बांधलेलं सामान काउंटरवर सोडून द्यावं लागणं फार वाईट. ओळखीतल्या एक काकू मुलाकडे निघाल्या होत्या, बाळंतपणासाठी. तांदूळ, पोहे, कोकमं, सोडे, मेतकूट असं बांधून बॅग एकवीस किलोची झाली. तिकिटात पंधराच किलो होते. जास्तीच्या वजनाला किलोमागे काही शे रुपये मागितले. काकूंजवळ तेवढी रोकड नव्हती आणि फोनवरून पैसे भरता येत नव्हते. त्यांनी तिथेच खाली बसून बॅग उघडली आणि तांदूळ-पोहे काढून ठेवले. त्या दिवसापासून दुकानात ताणकाटा टांगला आहे. कोणीही यावं, बॅग लटकवून बघावी, पैसे नाहीत.

साधारण नियम असा: काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणारी बॅग पंधरा किलो, हातातली सात किलो, आणि हातातली एकच. कंपनीप्रमाणे आणि भाड्याच्या प्रकाराप्रमाणे फरक पडतो, तिकिटावर वाचा. वजन वाढणार असं दिसलं तर घरूनच ऑनलाइन जास्तीचे किलो घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतात.

आता एकेक जिन्नस.

हापूस: बिनदिक्कत न्या. पंधरा किलोत पेटीचं वजनही धरतात हे विसरू नका. लाकडी पेटीऐवजी पुठ्ठ्याचा खोका घ्या, मध्ये पेंढा घाला, आणि आंबे किंचित कच्चे असतानाच भरा.

सुकी मासळी: सुकट, बोंबील, जवळा, सोडे पोटातल्या बॅगेत, आणि वास बाहेर येणार नाही असं तिहेरी बांधून. वास आला तर कंपनी नाकारू शकते. बाहेरच्या दुकानांतून निर्वात पिशवीत बंद करून मिळतं, त्याला थोडेच पैसे लागतात. फणसालाही हेच लागू. पिकलेला बरका नेऊ नका, गरे काढून डब्यात भरा किंवा तळलेले गरे न्या.

आगळ, लोणचं, तूप, खोबरेल: पोटातल्या बॅगेत. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक लावून वर बूच घट्ट करा आणि बाटली जुन्या साडीत गुंडाळा.

नारळ: अख्खा नारळ पोटातल्या बॅगेत ठेवा. सुकं खोबरं मात्र अजिबात नको, ना हातात ना बॅगेत. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. आपल्याकडे हे कोणाला माहीतच नसतं.

कोयता, विळी, अडकित्ता: पोटातल्या बॅगेत. आजीच्या पानाच्या बटव्यात अडकित्ता आहे का ते निघण्याआधी बघा. पन्नास वर्षं वापरलेली वस्तू सुरक्षा तपासणीत काढून घेतली की ती परत मिळत नाही. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवा. पॉवर बँक उलट हातातल्या पिशवीतच हवी, पोटातल्या बॅगेत चालत नाही.

पेणहून घेतलेली गणपतीची मूर्ती विमानातून नेता येते?

येते, पण मूर्ती विमानाच्या मापाने निवडा. पेण-हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती परदेशीसुद्धा जातात, त्या मात्र काही महिने आधी, पेटीत भरून. तुम्हाला स्वतःबरोबर न्यायची असेल तर हातातल्या बॅगेच्या मापात, म्हणजे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या खोक्यात बसेल आणि सात किलोच्या आत राहील अशी घ्या. शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड असते. मूर्तिकाराला आधीच सांगा, ते खाली पेंढा आणि बाजूने फोम लावून बांधून देतात. वरचं झाकण उघडता येईल असं ठेवा, तपासणीत दाखवावं लागू शकतं. पोटातल्या बॅगेत मूर्ती कधीच देऊ नका. ‘नाजूक’ अशी चिठ्ठी लावली तरी मोडल्याची जबाबदारी कंपनी घेत नाही, आणि मोडलेली मूर्ती घेऊन घरी पोचायचं दुःख पैशांनी भरून निघत नाही. मोठी मूर्ती असेल तर जास्तीची सीट घेऊन नेता येईल का, हे कंपनीला तिकीट काढण्याआधी विचारा.

आईवडील पहिल्यांदाच एकटे चालले आहेत. काय काळजी घ्यायची?

त्यांना फार चालवत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान दोन दिवस आधी. व्हीलचेअर घेऊन येणारा माणूस तपासणीपासून विमानाच्या दारापर्यंत सोबत राहतो, म्हणजे वाट चुकण्याची भीतीच उरत नाही. बोर्डिंग पास कागदावर छापून द्या. आधार, मतदार ओळखपत्र, लायसन किंवा पासपोर्ट यांपैकी एक मूळ ओळखपत्र पाकिटात वेगळं ठेवा. डिजियात्रा चेहरा ओळखून आत सोडतं, तरुणांना ते सोयीचं आहे, पण सक्तीचं नाही. आईवडिलांना नेहमीच्या रांगेतूनच जाऊ दे.

औषधं हातातल्या पिशवीत. दशम्या, चटणी, लाडू असा कोरडा डबा नेता येतो, आतल्या भावाने वडापाव घ्यायची गरज नाही. पाण्याची रिकामी बाटली न्या, तपासणीनंतर भरून घेता येते. विमान चढताना-उतरताना कानात दडे बसतात हे आधी सांगून ठेवा, नाहीतर माणूस घाबरतो. तोंडात खडीसाखर किंवा आवळासुपारी ठेवली की बरं वाटतं.

आणि एक मनापासून सांगतो, खिडकीच्या जागेचे दोन-तीनशे रुपये भरा. जन्मभर ज्यांनी खाडी, खारफुटी आणि भातशेती जमिनीवरून पाहिली, त्यांना ती वरून एकदा दिसू दे.

नावात चूक झाली तर?

कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटात नावाची चूक चोवीस तासांत कळवली तर दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत. तिकीट आल्याबरोबर आधारकार्ड शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा.

‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केलं तर सगळे पैसे बुडाले?

नाही. हे खूप जणांना ठाऊक नसतं आणि ते हक्काचे पैसे सोडून देतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क परत द्यावंच लागतं, तिकीट कुठल्याही प्रकारचं असो. रद्द करण्याचे पैसे मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

विमान उशिरा सुटलं किंवा रद्द झालं तर?

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर असेल तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यायला हवं. मागा, लाजू नका. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर प्रवासाच्या वेळेप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांत जे कमी ते भरपाई म्हणून मिळतं. वादळ, पूर, संप अशा कारणांना भरपाई नाही, पण तिकिटाचे पैसे परत मिळतातच. कंपनी दाद देत नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा अ‍ॅपवर तक्रार करा. काउंटरवरच्या मुलांवर ओरडू नका, त्यांच्या हातात काही नसतं. वेळेचे फोटो आणि आलेले संदेश जपून ठेवा.

नवी मुंबईला उतरून जुन्या विमानतळावरून दुसरं विमान धरता येईल?

अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. अटल सेतूवरून गेलात तरी शिवडीनंतर मुंबईची वाहतूक आहेच. दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मी सहा तासांपेक्षा कमी अंतराचं असं तिकीट काढून देत नाही.

पावसाळ्यात काही वेगळं?

हो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात आणि सुटण्याच्या वेळा बदलतात. जानेवारीत पाठ केलेली वेळ जुलैत चालत नाही. दरड आली तर मार्गच बंद होतो. मोठ्या पावसात विमानं घिरट्या घालतात किंवा दुसऱ्या शहरात उतरवतात. जुलैत कोणाचं लग्न, मुलाखत, ऑपरेशन असं काही ठरलेलं असेल तर एक दिवस आधीचं विमान घ्या.

आम्ही सावंतवाडीचे. आम्हाला याचा उपयोग?

फारसा नाही. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गकरांना पेडण्याजवळचा मोपा विमानतळ केव्हाही जवळ. राजापूर-कणकवलीच्या लोकांनी दोन्हीकडची भाडी बघून ठरवावं.

दि. बा. पाटील कोण, आणि विमानतळाला त्यांच्या नावाचा एवढा आग्रह का?

हा प्रश्न बाहेरून आलेले प्रवासी विचारतात, आणि त्याचं उत्तर मी कितीही घाई असली तरी पूर्ण देतो. दि. बा. पाटील उरण तालुक्यातल्या जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, आमदार आणि खासदार. नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांच्यासाठी ते लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व आलं. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, आणि २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला.

विमानतळासाठीही गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी ही त्यांतली काही नावं. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. या गावांतल्या आगरी-कोळी माणसांची घरं, देवळं, मिठागरं, मासे धरायच्या जागा गेल्या. आपण पनवेलहून वीस-पंचवीस मिनिटांत विमानतळावर पोचतो ते त्यांच्या जमिनीवरून. स्वस्त तिकिटाच्या हिशोबात ही रक्कम कुठे लिहिलेली नसते, म्हणून इथे लिहिली.

रात्री उशिरा उतरलो तर घरी कसं जायचं?

तिकीट काढतानाच याचा विचार करा. रात्री अकरानंतर पनवेलहून अलिबाग-पेणकडची एसटी मिळणं कठीण, आणि मेमूही नसते. चौघे असाल तर गावातली ओळखीची गाडी आधी सांगून ठेवा, तिघाचौघांत भाडं परवडतं. एकटे असाल, विशेषतः ताई एकट्या असतील, तर पनवेलला नातेवाइकांकडे रात्र काढून सकाळच्या पहिल्या गाडीने निघा. आमच्या पेणच्या प्रवाशांपैकी कोणी त्याच विमानाने येणार असेल तर मी दोघांनाही विचारून एकमेकांचे नंबर देतो, एकाच गाडीत दोन घरं पोचतात. तिकीट काढायला याल तेव्हा परतीची वेळ सांगायला विसरू नका.